म्युनिकचा बर्फ, सांगलीचं लग्न आणि एक बटण

२ डिसेंबर २०२३, शनिवार. सकाळी साडेसातला फोन वाजला. पलीकडे अनोळखी आवाज, पण बोलणं ऐकताच सांगली-मिरजेकडचा असणार हे कळलं. "दादा, मी उल्म स्टेशनवर आहे. रात्रभर गाडीतच काढली. तुमचा नंबर श्टुटगार्टच्या ग्रुपवर मिळाला." उल्म म्हणजे जर्मनीत श्टुटगार्ट आणि म्युनिक यांच्या मधलं शहर. मी पडदा सारून बघितलं तर खाली उभ्या गाड्यांच्या जागी पांढरे उंचवटे दिसत होते. त्याला म्हटलं, चहा घे, बसून राहा, मी येतो.

मला पोचायला पावणेदोन तास लागले. त्यातला निम्मा वेळ घरासमोरचा फुटपाथ साफ करण्यात गेला. इथे आपल्या दारासमोरचा बर्फ आपणच उपसायचा असतो. त्यावरून कुणी घसरून पडला तर भरपाई आपल्या गळ्यात येते, म्हणून आधी फावडं आणि मग परोपकार. हा तपशील सांगतोय कारण त्या पावणेदोन तासांतच पोराने एक बटण दाबलं, आणि पुढचे सात महिने आम्ही ते निस्तरत होतो.

वादळात अडकलेली बरीच मुलं मी बघितली आहेत. बर्फ, वारा, पाऊस यांनी होणारं नुकसान बहुतेक वेळा एका रात्रीपुरतं असतं. मोठा खड्डा पडतो तो त्यानंतरच्या अर्ध्या तासात, घाईने घेतलेल्या निर्णयाने. हे प्रकरण त्याचा नमुना आहे. मुलाची परवानगी घेऊन लिहितोय. त्याचं नाव, विद्यापीठ आणि विमान कंपनी मुद्दाम देत नाही.

मुलगा, तिकिटं आणि तारखा

मुलगा चोवीस वर्षांचा, श्टुटगार्टला मास्टर्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला. सख्ख्या ताईचं लग्न ७ डिसेंबरला, गुरुवारी, सांगलीत. एकुलता भाऊ म्हणजे कानपिळीचा मान त्याचा. मांडवात नवरदेवाचा कान पिळायला तोच हवा, चुलतभाऊ चालणार नाही, असं ताईने जूनमध्येच बजावलं होतं.

त्याने प्रवासाचे तीन तुकडे केले होते. शुक्रवारी १ तारखेला संध्याकाळी श्टुटगार्टहून रेल्वेने म्युनिक, तिथे मित्राकडे मुक्काम. शनिवारी दुपारी म्युनिकहून आखातात एक थांबा घेऊन रविवारी पहाटे मुंबई. आणि रविवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने सांगली. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट एका स्वस्त वेबसाइटवरून, ६९० युरोंना. रेल्वेचं वेगळं, सवलतीचं, त्याच गाडीला बांधलेलं. महालक्ष्मीचं वडिलांनी काढलेलं. तिन्ही तिकिटं एकमेकांना ओळखत नव्हती. श्टुटगार्टहून थेट फ्रँकफर्टला जाणं सोपं होतं, पण म्युनिकचं तिकीट ऐंशी युरोंनी स्वस्त पडलं. विद्यार्थ्याने ऐंशी युरो वाचवले तर त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. त्या वर्षी जर्मनीत विद्यार्थ्याला महिन्याच्या खर्चासाठी बँकेत अडकवून दाखवावी लागणारी रक्कमच ९३४ युरो होती.

शुक्रवारी हवामानाचे इशारे होते. त्याने ते वाचले नाहीत असं नाही. वाचले, आणि "जर्मनीत बर्फाची सवय असते" असं स्वतःला सांगितलं. पहिली दोन वर्षं सगळेच असं म्हणतात.

उल्मची रात्र

त्या रात्री दक्षिण बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, पडलेला बर्फ भुसभुशीत, कोरडा नव्हता. तापमान शून्याच्या आसपास, त्यामुळे बर्फ ओला, जड, चिकट. असा बर्फ फांद्यांवर थरावर थर बसत जातो आणि शेवटी फांदी मोडते. रेल्वेच्या विजेच्या तारांवर झाडं पडली की इंजिनाला वीज नाही, आणि पुढच्या गाडीला रस्ता नाही. शनिवारी सकाळी म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. १९३३ पासूनच्या नोंदींत डिसेंबरमधला हा उच्चांक. मुख्य स्थानकात गाड्या येईनात, शहरातल्या लोकल, बस, ट्राम थांबल्या, बायर्न म्युनिकचा घरचा सामना रद्द झाला. फुटबॉलचा सामना रद्द होतो म्हणजे जर्मन माणसाच्या लेखी प्रकरण गंभीर.

आमचा सांगलीकर उल्मपर्यंत आला आणि गाडी थांबली. फलकावर आधी चाळीस मिनिटं उशीर, मग सत्तर, मग एकशेवीस, आणि मग म्युनिकची ओळच गायब. गाडी पुढे जाणार नाही, पण डबे गरम ठेवलेत, आत बसता येईल, असं जाहीर झालं. त्या रात्री उल्मला आणि खुद्द म्युनिकला कितीतरी प्रवासी असेच उभ्या गाड्यांत झोपले.

त्याच्या समोरच्या सीटवर सत्तरीची एक आजी होती, नातवंडांकडे निघालेली. रविवारी ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या पर्वाचा, पहिला दिवस, म्हणून तिच्याकडे पत्र्याच्या डब्यात घरच्या कुकीज होत्या. याच्या बॅगेत लग्नाला वाटायला घेतलेली चार किलो चॉकलेटं. रात्री एकच्या सुमाराला आजीने डबा उघडला, याने पहिलं पाकीट फोडलं. पहाटेपर्यंत अख्ख्या डब्याने मिळून दीड किलो संपवलं. आईला ते फोनवर सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न : "आता व्याह्यांकडच्या पोरांना काय देणार?"

सांगलीत घरच्यांना नेमकं काय झालंय तेच कळत नव्हतं. त्याच आठवड्याच्या शेवटी चेन्नईकडे मिचाँग चक्रीवादळ येत होतं. सोमवारी तिथला विमानतळ बंद पडला आणि टीव्हीवर पाण्यातल्या धावपट्टीची दृश्यं दिवसभर फिरत राहिली. मुलगा बर्फात अडकलाय की पुरात, यावर वडील आणि काका यांच्यात एकमत होईना.

ते बटण

म्युनिक विमानतळाने आधी दुपारपर्यंत उड्डाणं बंद म्हणून सांगितलं, नंतर रविवारी सकाळी सहापर्यंत. शनिवारी सातशेहून जास्त उड्डाणं रद्द झाली. मुलाच्या फोनवर मेसेज आला तेव्हा नऊला पाच कमी होते. आपलं उड्डाण रद्द झालं आहे, क्षमस्व. खाली ठळक हिरव्या चौकोनात "परतावा घ्या", आणि त्याच्याखाली बारीक करड्या अक्षरांत "इतर पर्याय".

रात्रभर झोप नाही, फोनची बॅटरी अकरा टक्के. कंपनीच्या जर्मनीतल्या नंबरवर चाळीस मिनिटं संगीत ऐकून झालेलं. हॉस्टेलच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "लगेच परतावा घे, नंतर पैसे अडकतात." त्याने हिरवं बटण दाबलं. मी फलाटावर पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. बॅगेवर बसून तो शांतपणे केळं खात होता. "दादा, एक काम तरी मार्गी लागलं," म्हणाला.

मी त्याला रागावलो नाही. घरी आणलं, बायकोने पोहे दिले, अंघोळ करून तो चार तास झोपला. उठल्यावर आम्ही लॅपटॉप उघडला. लग्नाच्या आधी पोचवणारी सर्वांत स्वस्त सीट सोमवारी फ्रँकफर्टहून होती, ७४० युरो, फक्त जाण्याची. त्याच कंपनीची, आखातातल्या त्याच थांब्यावरून. काढली, दुसरा इलाज नव्हता. परतीचा प्रवासही त्या हिरव्या बटणाबरोबर गेला होता, कारण जाणं-येणं एकाच बुकिंगमध्ये होतं. जानेवारीतल्या परतीसाठी आणखी ५२० गेले.

सोमवारी फ्रँकफर्टच्या चेक-इनच्या रांगेत त्याला नाशिकची एक मुलगी भेटली. म्युनिकच्या त्याच रद्द झालेल्या विमानाची प्रवासी. तीही याच विमानाने निघालेली, याच्यापुढे सहा रांगा. तिने वेगळे पैसे किती भरले? शून्य. परतीचं तिकीट? जसंच्या तसं. तिने बटणाला हात लावला नव्हता. जर्मनीतला नंबर लागत नाही म्हटल्यावर कंपनीच्या मुंबईच्या नंबरवर फोन केला, तिथे सहाव्या मिनिटाला माणूस भेटला, आणि ती म्हणाली, "मला पैसे नकोत, मला मुंबईला पोचवा. म्युनिकहून नसेल तर फ्रँकफर्टहून चालेल." तिकीट बदलून मिळालं.

म्हणजे ज्या सीटसाठी याने ७४० मोजले, तशीच सीट याला मागून मिळाली असती.

अस्मानी आणि सुलतानी

आपल्याकडे संकटांची फार जुनी वाटणी आहे : अस्मानी आणि सुलतानी. युरोपियन संघाचा विमानप्रवाशांचा नियम (२००४ चा, क्रमांक २६१) मला नेहमी त्याच वाटणीवर बेतलेला वाटतो. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला तो लागू आहे, कंपनी आखाती असो की भारतीय. मुंबईहून युरोपला येताना मात्र कंपनी युरोपियन असेल तरच.

उड्डाण रद्द झालं तर साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला साधारण ६०० युरोंची भरपाई असते. पण ती सुलतानीची : कंपनीची चूक, विमानातला बिघाड, कर्मचाऱ्यांचा घोळ. विमानतळच बंद पाडणारा बर्फ हे अस्मानी. तिथे भरपाई माफ. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि लोक इथेच थांबतात. "हवामानामुळे रद्द झालं, काही मिळत नाही," हे वाक्य मी बारा-तेरा विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि काउंटरवरच्या माणसांकडूनही.

माफ होते ती फक्त भरपाई. दोन गोष्टी अस्मानीतही शिल्लक राहतात. एक, प्रवाशाला निवड देणं : पैसे परत, की शक्य तितक्या लवकर मुक्कामाला पोचवणारा दुसरा मार्ग, की सोयीच्या नंतरच्या तारखेचा प्रवास. दोन, तोवर सांभाळणं : जेवण, रात्र पडली तर हॉटेल, हॉटेलपर्यंत जाण्यायेण्याची सोय. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर आली, तेव्हा पोर्तुगालमध्ये आठवडाभर अडकलेल्या डब्लिनच्या एका प्रवासी बाईंनी सुमारे ११३० युरोंच्या खर्चाचा दावा केला होता. एवढं मोठं संकट नेहमीच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे सांभाळण्याची जबाबदारीही उरत नाही, असा बचाव झाला. युरोपियन न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला. संकट कितीही असाधारण असो, सांभाळायची जबाबदारी राहते, तिला दिवसांची किंवा पैशांची ठरीव मर्यादा नाही. प्रवाशाने केलेला खर्च मात्र गरजेचा आणि वाजवी हवा.

आता हिरव्या बटणाचा अर्थ बघा. "पैसे परत" निवडलं की उरलेले दोन पर्याय गळतात, आणि सांभाळण्याची जबाबदारीही तिथेच संपते. प्रवासी आणि कंपनी यांचा व्यवहार मिटला, आता तू तुझा. परतावा हा हक्क आहेच, आणि ज्याला जायचंच नाही त्याच्यासाठी उत्तम. पण लग्नाला पोचायचं आहे त्याने तो घेणं म्हणजे एसटी वाटेत बंद पडल्यावर तिकिटाचे पैसे घेऊन मागून येणारी गाडी सोडून देणं. आपण एसटीत असं कधी करतो का? कंडक्टरच्या मागे लागतो, दुसऱ्या गाडीत बसवून दे म्हणून. ही अक्कल विमानतळावर कुठे जाते, मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मुलाच्या बाजूने. "थांबला असतास तर जादा पैसे न भरता पोचला असतास" हे सरसकट खरं नाही. मंगळवारी ५ तारखेला म्युनिकला गोठणारा पाऊस पडला आणि विमानतळ दुपारपर्यंत पुन्हा बंद झाला. ज्यांनी म्युनिकहूनच मंगळवारची सीट घेतली त्यातले काही दुसऱ्यांदा अडकले. त्यामुळे म्युनिक सोडायचा त्याचा अंदाज बरोबर होता. फक्त तो खर्च त्याच्या खिशातून व्हायला नको होता.

आणखी एक गंमत. समजा शनिवारी आभाळ निवळलं असतं आणि दुपारचं विमान वेळेवर उडालं असतं, तर हा उल्मलाच राहिला असता. रेल्वेचं तिकीट वेगळं, विमानाचं वेगळं. विमान कंपनीच्या लेखी तो न आलेला प्रवासी. जाणंही गेलं असतं आणि परतीचंही, परतावा दूरच. विमान रद्द झालं हे त्याचं नशीब होतं! जर्मनीत विमानाच्या तिकिटाबरोबरच रेल्वेचं तिकीट घेता येतं. त्या दोन्हीचा प्रवास एकाच कराराखाली येतो का, हे घेताना वाचून बघायचं, एवढंच.

पत्रव्यवहार

रेल्वेचं काम सगळ्यात सरळ झालं. म्युनिकला पोचण्यात अर्थ उरला नाही म्हणून उल्मला प्रवास सोडला, असं लिहून अर्ज केला. पूर्ण पैसे परत. बर्फामुळे रेल्वेची उशिराची भरपाईही आता नाकारता येते, पण सोडून दिलेल्या प्रवासाचे पैसे ही वेगळी बाब आहे.

विमानाच्या परताव्याला नियमात सात दिवस दिलेत. वेबसाइटमार्फत घेतल्याने कंपनीने वेबसाइटकडे बोट दाखवलं, वेबसाइटने कंपनीकडे. नऊ आठवड्यांनी ६६५ युरो आले. २५ युरो "सेवाशुल्क". म्हणजे हिशेब असा : गेले १२६०, आले ६६५, खड्डा ५९५ युरोंचा. तेव्हाच्या बारा युरो किमान वेतनाने जवळजवळ पन्नास तासांचं काम. हा मुलगा शनिवार-रविवार एका गोदामात खोकी भरायचा, त्यामुळे त्याला ते तासांतच मोजता येत होतं.

जानेवारीत तो परतल्यावर आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. मुद्दा एकच घेतला : रद्द झाल्याच्या मेसेजमध्ये प्रवाशाचे हक्क लेखी सांगायला हवे होते, ते सांगितले नाहीत, परतावा ठळक आणि दुसरा मार्ग बारीक अक्षरात, म्हणजे खरी निवड दिलीच नाही. सोबत मेसेजचा स्क्रीनशॉट. तो त्याने रात्रभराच्या थकव्यातही काढून ठेवला होता, आणि या सगळ्यात त्याने केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : "असाधारण हवामानामुळे भरपाई देय नाही." आम्ही भरपाई मागितलीच नव्हती. ही गल्लत अज्ञानाची की सोयीची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन महिने वाट बघून तक्रार बर्लिनमधल्या प्रवाशांच्या तंटा-समेट संस्थेकडे नेली. प्रवाशाला ती फुकट आहे, कागद ऑनलाइन जातात, वकील लागत नाही. जुलैमध्ये कंपनीने चूक मान्य न करता २५० युरो देऊ केले. मुलाने घेतले. मी असतो तर नसते घेतले. जर्मनीत असा दावा त्या वर्षअखेरीपासून तीन वर्षं जिवंत राहतो, न्यायालयातही गेलो असतो. पण मला त्या महिन्याचं खोलीभाडं भरायचं नव्हतं.

लग्नाचं म्हणाल तर मंगळवारी पहाटे तो मुंबईत उतरला, दिवसाची बस धरून रात्री सांगलीत पोचला. केळवणं आणि चुडा चुकला, हळद मिळाली. गुरुवारी मांडवात त्याने नवरदेवाचा कान इतका जोरात पिळला की फोटोत भावजींचे डोळे मिटलेले आलेत. तो फोटो त्याने मला पाठवला, खाली लिहिलं, "५९५ युरो वसूल."

वडिलांना युरोंचा हिशेब त्याने पूर्ण सांगितला, आणि त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि ते महालक्ष्मीचं तिकीट रद्द केलंस का?" रविवारी चार्ट लागेपर्यंत कुणालाच आठवलं नव्हतं. त्याचा एक पैसाही परत मिळाला नाही, आणि मुलगा सांगतो की घरात आजही विषय निघतो तो त्या तिकिटाचाच.